धाकटीची लस

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मोटारींना दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसणाऱ्याच्या. शेजारी ती बसलेली असली की पहिला ब्रेक नुसता शोभेला. शिकणारा विचार करेपर्यंत हिनं गाडी थांबवलेली असायची. म्हणून सगळे तिला ब्रेकबाई म्हणायचे, अगदी तोंडावर. तिला राग यायचा नाही.

मी तिथंच ट्रक आणि बस शिकवायचो, ती मोटारी. दुपारी आम्ही दोघं ऑफिसच्या मागच्या पायरीवर डबा खायचो. आता सांगतोय त्यातलं बरंचसं तिनं त्या पायरीवर सांगितलेलं आहे, काही मी डोळ्यांनी पाहिलेलं.

जिभेला हाड नव्हतं तिच्या. एक निवृत्त न्यायाधीश चौकात गाडी उभी करून विचार करत बसायचे. त्यांना म्हणाली, "साहेब, निकाल राखून ठेवू नका, गियर टाका." एक बाई गियरवर नुसता हात फिरवत बसायची, तिला म्हणाली, "मांजर नाहीये ते, कुरवाळू नका." तरी लोक तिच्याकडेच यायचे, कारण तिच्या हाताखाली शिकलेला माणूस पुढं कुणाच्या अंगावर गाडी घालत नसे.

तिनं लग्न केलं नव्हतं. जमीन मोजणी खात्यातला एक चांगला माणूस तिच्याकडे शिकायला यायचा आणि गाडी उत्तम चालवत असूनही परीक्षेत मुद्दाम नापास व्हायचा, म्हणजे शिकवणी चालू राहील. शेवटी त्यानं विचारलं. ती म्हणाली, "आमच्या घरात माणसं अर्ध्या वाटेत संपतात. तुम्ही दुसरी गाडी बघा." तो पुढच्या परीक्षेत पास झाला आणि बदली घेऊन गेला.

खोटं काही नव्हतं त्यात. तिची आई पोटाच्या कॅन्सरनं गेली तेव्हा ही शाळेत होती. मग मामा गेला, तसाच, आतड्याचा. मग तिचा थोरला भाऊ, चाळिशीही न गाठता. घरात त्या आजाराचं नाव कुणी घेत नसे, "पोटाचं" म्हणायचे. आता आपली पाळी, हे तिनं मनाशी धरूनच ठेवलं होतं. स्वतःसाठी टिकाऊ वस्तू म्हणून ती घेत नसे. गादीसुद्धा जुनीच. एकदा मी तिला चांगला जाड स्वेटर घ्यायला सांगितला तर म्हणाली, "कुणाला बसेल नंतर?"

तिच्यामागे एक बहीण होती, धाकटी. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. हसरी, गोरीगोमटी, भित्री. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशी तिचं लग्न झालं होतं, मूल नव्हतं. आईविना वाढलेली, म्हणजे हिनंच, तिच्या ताईनं, वाढवलेली. "पोटाचं" हा शब्द निघाला की धाकटी खोलीतून उठून जायची.

भाऊ गेल्यावर मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी ताईला बोलावून घेतलं. त्या जनुकांचं बघायच्या. त्यांनी सांगितलं की शरीरात पेशी वाढताना रोज चुका होतात आणि त्या दुरुस्त करणारी यंत्रणा शरीरातच असते. तुमच्या घराण्यात ती यंत्रणाच नादुरुस्त आहे, आईकडून आलेली आहे. प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता अर्धी. रक्त दिलंत तर कळेल.

"मला आहेच," ताई म्हणाली. "धाकटीचं बघा."

धाकटी ऐकेना. नवराही म्हणायचा, "ताई, तिला नाही जाणून घ्यायचं तर राहू द्या ना." तेव्हा हिनं सोफा बघायला जाऊ म्हणून तिला गाडीत बसवलं आणि थेट इस्पितळाच्या आवारात नेऊन उभं केलं.

"इथं कुठं सोफा?" धाकटी म्हणाली.

"आत आहे. डॉक्टरांच्या खोलीत. बसून बघ, आवडला तर घेऊ."

धाकटी रडली, पण उतरली. लहानपणापासून ताईनं दार उघडलं की उतरायची सवय होती तिला.

निकाल ऐकायला दोघी एकत्र गेल्या. खुर्च्या शेजारी शेजारी. ताईनं धाकटीचा हात धरला होता, तिला धीर द्यायला नव्हे. "मी गेल्यावर हिचं कसं होईल" या विचारानं. डॉक्टरीणबाईंनी आधी ताईकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुमच्यात तो दोष नाही." मग धाकटीकडे वळल्या. वळल्यावर बोलायच्या आधी जरा थांबल्या, तेवढ्यात धाकटीला कळलं.

तिनं ताईच्या हातातून हात काढून घेतला. गाडीत जाऊन बसली. मग म्हणाली, "तू सुटलीस. मला विकून सुटलीस."

त्या दिवशी ताईनं माझ्यासमोर डबा उघडला आणि तसाच बंद केला. "मरणाच्या भरवशावर आयुष्य काढलं मी," म्हणाली, "आणि ते आलंच नाही." तेव्हा तिचं लग्नाचं वय उलटून गेलं होतं. मोजणी खात्यातल्या त्या माणसाला एव्हाना दोन मुली होत्या.

वर्षभर धाकटी तिच्याशी बोलली नाही. बोलली ती लशीमुळं.

इस्पितळात एक ट्रायल सुरू होणार होती. अशा घराण्यांतल्या, दोष असलेल्या पण अजून धडधाकट असलेल्या माणसांना लस द्यायची. डॉक्टरीणबाईंनी दोघींना बोलावलं. या दोषातून होणाऱ्या गाठी, त्या म्हणाल्या, बिघडताना जवळजवळ सगळ्यांच्यात एकाच पद्धतीनं बिघडतात. त्या बिघडलेल्या पेशींवर ठरावीक खुणा असतात. लस शरीराला त्या खुणा आधीच दाखवून ठेवते. पुढं तशी पेशी दिसली की शरीरानं तिला गाठ व्हायच्या आत मारावं, असा बेत आहे.

"जमतं का ते?" धाकटीनं विचारलं.

"तेच बघायचंय. म्हणून निम्म्यांना लस मिळेल, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं ते तुम्हालाही कळणार नाही, मलाही नाही. आणि मुख्य म्हणजे दरवर्षीची आतड्याची दुर्बिणीची तपासणी चुकवायची नाही. लस असो नाहीतर पाणी."

"हिला द्या ना," धाकटी ताईकडे बोट दाखवून म्हणाली. "हिला हौस आहे."

"मला चालत नाही," ताई म्हणाली.

"हो ना. तू शुद्ध आहेस."

ताईनं ते गिळलं. पण पिच्छा सोडला नाही. धाकटीच्या दुकानात जाऊन काउंटरशी उभी राहायची, गिऱ्हाइकांदेखत विचारायची. शेवटी धाकटी म्हणाली, "येते. पण पुन्हा माझ्या दुकानात पाय ठेवू नकोस."

पहिल्या सुईनंतर धाकटीच्या दंडावर लिंबाएवढी सूज आली. लाल, कढत. ताप आला. तिनं आपणहून ताईला फोन केला. "ताई, पाण्यानं कुठं सूज येते? खरी आहे. मला खरी मिळाली." ताई तशीच शिकणाऱ्याला घेऊन, त्यालाच गाडी चालवायला लावून, तिच्या घरी गेली. दोघी बहिणी त्या सुजेकडे बघून हसल्या, रडल्या. तो बिचारा शिकणारा बाहेर इंजिन चालू ठेवून बसलेला.

दुसऱ्या सुईला पुन्हा सूज. डॉक्टरीणबाई म्हणत राहिल्या की सुजेवरून काही ठरवू नका, कुणाकुणाला कशानंही येते. कोण ऐकतं. धाकटी बदलली. केस कापले, नवऱ्याशी भांडून घराला नवा रंग लावला, आणि एक दिवस आमच्या शाळेत येऊन म्हणाली, "ताई, मला गाडी शिकव." ते दिवस मी पाहिलेत. दोघी शहरभर फिरायच्या. धाकटी भीत भीत वळण घ्यायची आणि ताई तिला काही बोलायची नाही. सगळ्या जगाला फाडून खाणारी बाई, त्या एकीपुढं गप्प. तेव्हा तिनं एक स्वेटर घेतला, निळा.

तपासणी जवळ आली तेव्हा धाकटीच्या नवऱ्याला लांबलचक रजा मिळाली. समुद्रावर जायचं ठरलं. लग्नानंतर कुठं गेलेच नव्हते दोघं. धाकटी ताईला म्हणाली, "ती दुर्बीण पुढं ढकलू का? दोन दिवस उपाशी राहायचं, जुलाबाचं औषध प्यायचं, सहलीची सगळी मजा जाईल. आणि मला लस मिळालीये ना आता."

ताईनं मला ते पुढं अनेकदा सांगितलं. ओठांवर आलं होतं तिच्या, की तपासणी आधी, सहल मागनं. पण समोर धाकटी नवी टोपी घालून उभी होती. वर्षभराचा अबोला नुकता कुठं संपला होता. ताई म्हणाली, "जाऊन ये."

समुद्रावरून आल्यावर दुकानात गर्दी होती. मग धाकटीला सर्दी झाली. मग आणखी काहीतरी. इस्पितळातून फोन यायचे, ती "पुढच्या आठवड्यात" म्हणायची. ती तपासणीला गेली तेव्हा स्वतःहून नाही गेली. रक्त पडायला लागलं म्हणून गेली.

आतड्यात गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोचली होती.

माणूस आजारानं चांगला होतो असं काही लोक सांगतात. धाकटी झाली नाही. ती पूर्वी भित्री होती, आता निर्दय झाली. आणि तिची सगळी निर्दयता एकाच माणसासाठी राखलेली. नवऱ्याशी गोड बोलायची, शेजाऱ्यांशी गोड बोलायची. ताई आली की डोळे बारीक व्हायचे.

आधी तिनं ताईला खोलीत यायला बंदी केली. फक्त इस्पितळात न्यायला-आणायला यायचं, मागच्या सीटवर तिला बसवायचं आणि बोलायचं नाही. ताई तसं करायची. मग एके दिवशी बंदी उठवली आणि पलंगाशेजारी बसवून म्हणाली, "सोफ्याची गोष्ट सांग."

"कुठली?"

"मला सोफा दाखवायला नेलंस ती. पहिल्यापासून सांग."

ताईनं सांगितली. धाकटी मधे मधे दुरुस्त करायची, "नाही, तू आधी हसलीस, मग दार उघडलंस." दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायला लावली. मग एकदा विचारलं, "रिपोर्ट आला तेव्हा तुला आनंद झाला होता का?"

ताई तिची उशी सारखी करू लागली.

"मी मरतेय. निदान आता खोटं बोलू नकोस."

"झाला," ताई म्हणाली. "तुझं कळायच्या आधी. त्या तेवढ्या वेळात झाला."

"मला तेव्हाच हातावरून कळलं होतं," धाकटी म्हणाली. "सैल पडला होता तुझा हात."

त्यानंतर कुणीही भेटायला आलं की धाकटी ओळख करून द्यायची, "ही माझी ताई. मला आजार आहे आणि तिला नाही हे कळल्यावर तिला आनंद झाला होता. विचारा तिला." आलेल्या माणसाला कुठं बघावं कळायचं नाही. मीही एकदा होतो तिथं, फळं घेऊन गेलेलो. ताई म्हणाली, "हो, झाला होता," आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन आत ठेवायला गेली.

आजार झाला म्हणजे माणूस ट्रायलमधून बाहेर, त्यामुळं तिला काय टोचलं होतं ते आता सांगता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. धाकटीनं मान हलवली. "मला नको. मी गेल्यावर हिला सांगा. फक्त हिला. पाणी टोचून आणलं का औषध, ते घेऊन बसू दे तिला जन्मभर." डॉक्टरीणबाईंनी तिला पुन्हा पुन्हा विचारलं. तिनं तेच सांगितलं, शांतपणे, आणि सही केली.

ती सकाळच्या वेळी गेली. ताई तेव्हा एका बँकवाल्याला चढावर गाडी सोडायला शिकवत होती. तिला बोलावणं धाडलंच नव्हतं.

काही दिवसांनी ताई इस्पितळात गेली. डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं आणि सांगितलं. लस खरी होती. सगळ्याच्या सगळ्या सुया खऱ्या.

"मग?" ताई म्हणाली.

"बऱ्याच लोकांत ती काम करतेय असं दिसतंय. सगळ्यांच्यात नाही. म्हणून तर तपासणी ठेवली होती. त्या वर्षी दुर्बीण घातली असती तर बहुतेक गाठ लहान असताना सापडली असती. काढून टाकता आली असती."

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, पण त्यांना विचारलं की त्या खरं तेच सांगायच्या.

धाकटी गेल्यावर तिच्या घरी माणसं समाचाराला येत होती तेव्हाची गोष्ट. तिचा नवरा भिंतीला टेकून बसला होता. थोरल्या भावाची मुलगी आली होती, नुकती कॉलेज संपवून नोकरीला लागलेली. तिचा रिपोर्ट आदल्याच महिन्यात आला होता; तिलाही दोष होता, बापाकडून. आता लशीची पुढची फेरी निघणार होती, यात सगळ्यांना खरीच लस मिळणार होती, आणि तिचं नाव त्यात नोंदवलं होतं. ती ताईजवळ येऊन बसली.

"आत्या, मी नाही जाणार त्या लशीला."

"का गं?"

"धाकटी आत्या घेऊनच गेली ना? काय उपयोग? आणि लसच फुकट असेल तर ती तपासणी तरी कशाला करत बसू? जे व्हायचं ते होईल."

ताईनं तिच्याकडे बघितलं. पोरीचं कपाळ अगदी भावासारखं होतं. खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तपासणी चुकली हे, समुद्रावरची सहल, ती कुणाच्या रजेमुळं ठरली ते, आणि "जाऊन ये" कोण म्हणालं ते. तो माणूस भिंतीला टेकून समोरच बसलेला. आणि ऐकून पोरीच्या डोक्यात एवढंच राहिलं असतं, की खरी लस घेऊनही आत्या मेली.

"तिला लस मिळालीच नव्हती," ताई म्हणाली. "पाणी होतं. मी विचारून आले."

धाकटीचा नवरा हळूहळू उठला. शांत माणूस, आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता.

"पाणी?" तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे तुम्ही माझ्या बायकोला दुकानातून ओढून ओढून नेत होतात, ते पाणी टोचायला. ती इथं तापानं फणफणायची आणि तुम्ही त्या दंडाकडे बघून हसत होतात."

ताईनं शेजारच्या पोरीकडे एकदा बघितलं.

"तिला माहीतच नसतं तर काय बिघडलं असतं? तेवढी वर्षं सुखात तरी गेली असती. तुम्ही तिला आधी मरणाची बातमी दिलीत आणि मग पाणी पाजलंत." त्यानं दाराकडे जाऊन तिच्या चपला उचलल्या आणि बाहेर जिन्यात टाकल्या. एक खालच्या मजल्यापर्यंत गेली. "या आता. पुन्हा या घरात दिसू नका."

ती अनवाणी उतरली, खाली जाऊन चप्पल शोधली, पायात घातली. मी खाली गाडीपाशी उभा होतो. तिनं मला त्या दिवशी काही सांगितलं नाही. ते पुष्कळ महिन्यांनी सांगितलं, तेही मी त्या लिफ्टवाल्याला शिव्या दिल्या म्हणून. "त्याला शिव्या देऊ नका," म्हणाली, आणि मग सगळं बोलली.

मी म्हटलं, "अहो पण त्याला खरं सांगा. निदान त्याला तरी. सगळा दोष तुमच्यावर घेऊन बसलात."

"त्याला काय सांगू? तुझ्या रजेनं मेली म्हणून? तो रोज त्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो. एके दिवशी वर यायचा नाही."

"आणि त्या पोरीला?"

"तिला डॉक्टरीणबाई सगळं सांगतात. लस चुकू शकते हेही सांगतात, मी त्यांच्याकडून वदवून घेतलंय. फक्त आत्याच्या लशीचं सांगत नाहीत."

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. ब्रेकबाईनं सख्ख्या बहिणीला पाण्याची सुई टोचवली, हे चष्म्याच्या दुकानातून निघालं आणि सगळीकडे गेलं. मधल्या काळात कुणीतरी आमच्या गाडीच्या बॉनेटवर खिळ्यानं ओरखडे काढले. शिकायला येणारे कमी झाले. एक बाई तर फी भरून गेली आणि नंतर निरोप पाठवला की दुसरे मास्तर द्या. ती म्हणाली, "द्या, मीही आता कंटाळलेय लोकांना." पण कंटाळलेली नव्हती. रिकाम्या गाडीत शेजारच्या सीटवर बसून राहायची.

भाची लशीला गेली. ताईला बरोबर येऊ दिलं नाही तिच्या आईनं. "तुमचा पायगुण बघितलाय आम्ही," वहिनी फोनवर म्हणाली. दर सुईच्या दिवशी ताई इस्पितळासमोरच्या रस्त्यावर गाडी लावून बसायची, पोर बाहेर आलेली दिसली की निघून जायची. दुर्बिणीची तपासणीही झाली, एकदा, मग पुन्हा. दोन्ही वेळा स्वच्छ. पुढचं कुणाला माहीत.

दुसऱ्या तपासणीनंतर भाची आईला न सांगता आमच्या शाळेत आली. पेढ्यांचा पुडा होता हातात. आम्ही डबा खात होतो. ती पायरीवर ताईला चिकटून बसली, रिपोर्ट दाखवला, लशीनं दंड कसा सुजला होता ते सांगितलं, खूप बोलली. आनंदात होती पोर.

"मी विचार करत होते आत्या," ती म्हणाली, "निम्म्यांना पाणी मिळणार हे ठरलेलंच होतं ना त्या वेळी. कुणाला तरी ते मिळणारच होतं. बिचारी धाकटी आत्या. पण एका अर्थी बरं झालं ना? तिच्या वाटचं पाणी होतं म्हणून मला कळलं की लस खरंच चालते. नाहीतर मी लशीला गेलेच नसते."

ताईच्या तोंडात पेढा होता. तिनं तो नीट चावून संपवला.

"हो," ती म्हणाली. "बरं झालं."

पोरीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. ताईनं माझ्याकडे बघितलं नाही. थोड्या वेळानं तिनं पुडा उचलून माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "घ्या की. चांगले आहेत."